साक्षीत न आलेली वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आमच्या जालना जिल्ह्यातील एका पाळकांविषयी लेख प्रसिद्ध झाला. दारूच्या व्यसनातून बाहेर पडून खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांची सेवा करणाऱ्या माणसाची दखल एका दैनिकाने घ्यावी, याचा आनंद आहेच. मात्र लेखाचा मथळा आणि पहिले दोन परिच्छेद वाचून वाचकाचा असा समज होतो की, एका कन्व्हेन्शनच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना-मेळाव्याच्या, रात्री प्रार्थना झाली आणि पहाटेपर्यंत त्यांची दारू सुटली. मी त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवले आहे, पुढे त्यांच्याच मंडळीच्या पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीवर, बसलो आहे, आणि मधली वर्षे फार जवळून पाहिली आहेत. त्या वर्षांविषयी लेखात एकही ओळ नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक लहान दुरुस्ती. लेखात त्यांना सर्वत्र ‘फादर’ म्हटले आहे. ती कॅथलिक रीत झाली. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळकसाहेब’ म्हणतात. शिवाय ‘नव्याने आलेला पंथ’ हा उल्लेखही बरोबर नाही. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच, निजामाच्या राजवटीत, जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली होती. या पाळकांच्या घरात बायबल पणजोबांपासून आहे. म्हणजे ते व्यसनी झाले ते देवळाबाहेर (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) राहून नव्हे, तर दर रविवारी देवळात पेटी वाजवत असताना झाले, आणि ही गोष्ट आम्हा मंडळीच्या लोकांना आजही सांगायला जड जाते.

त्या पेटीचीच हकीकत सांगतो. जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ते पाळीवर कामाला होते. भट्टीच्या तोंडाशी आठ तास उभे राहून बाहेर पडलेला माणूस गेटसमोरच्या अड्ड्यावर थांबतो, हे तिथे कोणाला वावगे वाटत नाही. आधी शनिवारी, मग रोज, मग पाळीच्या आधीही पव्वा लागू लागला. काम सुटले, बायकोच्या गळ्यातले मणी गेले, आणि एका पावसाळ्यात देवळाच्या कपाटातली पेटी गेली. कुलूप फोडावे लागले नाही, कारण किल्ली त्यांच्याकडेच असे. गहाण टाकलेली ती पेटी पुढे परस्पर विकली गेली, आणि आमच्या मंडळीने चार वर्षे नुसत्या ढोलकी-टाळांवर गीते गाइली. उपासनेला आलेली त्यांची आई त्या काळात शेवटच्या चटईवर, दाराकडे तोंड करून बसे.

आपण ज्या रात्रीचे वर्णन केले आहे ती रात्र खोटी नाही. त्या रात्री ते रडले, सर्वांसमोर उभे राहिले आणि उद्यापासून पिणार नाही असे म्हणाले. लेख तिथे थांबतो. खरे संकट दुसऱ्या दिवशी सुरू झाले. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर साधारण सहा ते चोवीस तासांत हातापायांना कंप सुटतो, घाम येतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घरातल्या मातीच्या भिंतीवरून न दिसणारे किडे दोन्ही हातांनी झाडत होते आणि मला ओळखत नव्हते. ‘सैतान जाताना त्रास देतोच, प्रार्थना चालू ठेवा,’ असे सांगणारे लोक अंगणात बसले होते. त्यांच्या बायकोने कोणाचे ऐकले नाही. तिने काळी-पिवळी ठरवली आणि त्यांना थेट संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे गोळ्या, शिरेतून ब जीवनसत्त्व आणि नऊ दिवसांचा मुक्काम, एवढ्यावर माणूस वाचला. ही बाई आपल्या लेखात ‘सहनशील पत्नी’ या दोन शब्दांत आली आहे.

त्यानंतरही दारू सुटली असे म्हणता येणार नाही. अकरा महिने ते कोरडे राहिले. मग लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या 2016 च्या उन्हाळ्यात, हाताला काम नाही आणि घरात पाणी नाही अशा दिवसांत, ते पुन्हा प्याले आणि पाच आठवडे पीत राहिले. कन्व्हेन्शनला ज्यांनी त्यांना मिठी मारली होती, त्यांतले बहुतेक जण या वेळी फिरकले नाहीत. मीही नाही, हे इथे नमूद करतो. ते दुसऱ्यांदा दवाखान्यात गेले ते एकटे, एसटीने.

या खेपेला मात्र डॉक्टरांनी त्यांना, दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेचा पत्ता दिला. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून उभ्या राहिलेल्या या चळवळीच्या मुळाशी एका ख्रिस्ती प्रार्थनागटाची शिकवण होती. पण तिच्या सभेला कोणत्याही धर्माचा आणि देव न मानणारा माणूसही बसू शकतो. तिथले बारा टप्पे त्यांनी एका शाळेच्या वहीत उतरवून काढले. आठव्या आणि नवव्या टप्प्यात, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायची असते. त्यांच्या यादीत एकतीस नावे होती आणि पहिले नाव मंडळीचे होते. त्यांनी हप्त्याने एक जुनी पेटी घेतली आणि कमिटीपुढे आणून ठेवली. आम्ही ती घ्यायला तयार नव्हतो. चोराच्या हातची पेटी देवळात नको, असे एक जण म्हणाला आणि बाकीचे गप्प राहिले. ती पेटी सात महिने माझ्या ओसरीत पडून होती. तिच्यावर आमच्या घरातली उडदाची डाळ वाळत असे. पुढे एका नाताळाला वाजवणारे कोणीच नव्हते, तेव्हा ती कोणालाही न विचारता आत गेली. याच चळवळीची एक रीत अशी की, सभासदाने वर्तमानपत्रात आपली ओळख उघड करू नये. आपण त्यांचे नाव आणि छायाचित्र त्यांच्या संमतीनेच छापले असेल, परंतु मी या पत्रात ते घेत नाही.

पाळक होण्याची इच्छा त्यांनी सांगितली तेव्हा मंडळीच्या वडीलमंडळींनी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, अध्यक्ष (म्हणजे मंडळीचा पुढारी) मद्यपी नसावा, हे वचन पुढे केले. (त्याच पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही आहे, आणि तो आमच्याकडच्या पिणाऱ्यांना तोंडपाठ असतो.) तीन वर्षे कोरडे राहा, मग बोलू, असे ठरले. त्यांनी ती अट मान्य केली, आणि तेवढ्या काळात देवळाचे अंगण झाडले. पुढचे शिक्षण आणि दीक्षा यांविषयी आपल्या लेखात पुरेसे आले आहे.

आता त्यांच्याकडे सहा खेडी आहेत. दसऱ्यानंतर यांतली अर्धी घरे ऊसतोडीला जातात, आणि त्याआधी मुकादमाकडून उचल हातात पडते तो आठवडा सर्वांत वाईट असतो. त्या आठवड्यात पाळकसाहेब प्रवचन करत नाहीत. संध्याकाळी एकेका कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, घरी जाऊन बसतात. नवरा-बायको दोघांसमोर किराणा, पोरांच्या वह्या आणि जुनी देणी यांचा हिशेब होईपर्यंत ते उठत नाहीत. हंगामात मोटारसायकलवरून कारखान्याच्या तळावर जाऊन तोडकऱ्यांच्या कोप्यांसमोर (झोपड्यांसमोर) उपासना घेतात. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीसाठी, ते बाहेरून काहीही आणत नाहीत. शनिवारी रात्री काळ्या मनुका पाण्यात भिजत घालतात, पहाटे उकळून, कुस्करून, पंचातून गाळतात आणि गार झालेला रस त्याच सकाळी वापरतात; उरलेला झाडाला घालतात, कारण राहिला तर आंबतो. मी एकदा विचारले की, एका घोटाने काय होणार आहे? ते म्हणाले, ‘गुरुजी, वासानेच होते.’

संपादक महोदय, आपला लेख आल्यापासून त्यांच्या दारात माणसे येत आहेत. आईबाप पोरांना धरून आणतात आणि एका रात्रीत सोडवा म्हणतात. एका घराने पाळकसाहेबांचे नाव ऐकून मुलाच्या दवाखान्याच्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या. दुसऱ्या एका गावातल्या तरुणाला प्रार्थनेच्या नावाखाली खाटेला साखळीने बांधून ठेवले होते; पाळकसाहेबांनी साखळी काढायला लावली आणि त्याला स्वतः दवाखान्यात पोचवले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही आजारात मोडते आणि आजारी माणसाला साखळदंड घालण्यास मनाई आहे, हे आपल्याकडे अजून वस्त्यांपर्यंत पोचलेले नाही. जे वस्त्यांपर्यंत पोचते त्या वर्तमानपत्राने निदान उलटी समजूत पसरवू नये, एवढीच अपेक्षा आहे. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, आणि पाळकसाहेबांचा माझ्यापेक्षा अधिक आहे. पण ते स्वतः आलेल्या माणसाला आधी डॉक्टरकडे नेतात आणि मग त्याच्यासाठी गुडघे टेकतात.

असा लेख पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली व्यसनमुक्तीसाठी असलेला 14446 हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक छापावा, आणि दारू अचानक बंद करण्यातला धोका एका चौकटीत द्यावा, ही विनंती.

हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवले. पेटीचे हप्ते त्यांनीच फेडले असे मी लिहिले होते, तेवढे त्यांनी खोडायला लावले. हप्ते एकूण चौदा होते, आणि शेवटचे पाच बायकोने शिवणकामाच्या पैशांतून भरले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
जि. जालना
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)