भुरीला माणसाळवणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
साष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच आंब्याच्या मोहोरावर घसरता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ताईला दुबईला नोकरी लागली आणि तिची भुरी आमच्या देवगडच्या घरी आली. भुरी म्हणजे चिंचिला, दाट मऊ केसांचा, उंदीर-खारीच्या जातकुळीतला छोटा प्राणी. हा मुळात अँडीज पर्वतातला, थंड आणि कोरड्या हवेचा जीव. आमच्याकडे मे महिन्यात माणसंच हैराण होतात. पारा २५ अंशांच्या वर गेला की भुरीला त्रास होऊ लागतो, कान लालबुंद होतात. एसीची खोली, पिंजऱ्यात कडाप्प्याची थंड लादी, वीज गेलीच तर फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, हे सगळं ताईने वहीत लिहून दिलं होतं. पण हातात कसं घ्यायचं, त्याबद्दल वहीत अवाक्षर नव्हतं. जवळ गेलं की भुरी मागच्या पायांवर उभी राहून भुंकायची. एकदा तर मुताची पिचकारी थेट भाच्याच्या शर्टावर!

तुम्ही उभा जन्म गाईगुरांच्या दवाखान्यात काढलेला. असला प्राणी पहिल्यांदाच बघतोय, हे आल्या आल्या सांगून टाकलंत, आणि तिथेच माझा विश्वास बसला. ताईची वही मागून घेतलीत, पिंजऱ्यासमोर फतकल मारलीत आणि बराच वेळ नुसते बसून राहिलात. मी विचारलं, आता काय करायचं? "तेका धरूक जाव नको. ता आपणाहून येतला."

भाच्याने वरून हात घातला तेव्हा मात्र तुम्ही त्याचं मनगट पकडलंत. वरून येणारा हात म्हणजे तिच्या लेखी घारच, हे तुम्ही त्याला समजावलंत. तिच्या एकेका मुळातून ५०-६० केस निघतात, आणि घाबरलेल्या चिंचिलाला गच्च धरलं तर ती केसांचा अख्खा पुंजका आपल्या मुठीत सोडून निसटते, हे त्याने मग वहीतूनच मोठ्याने वाचून दाखवलं. पोरगं तेव्हापासून शहाण्यासारखं वागतंय. (भुरीपुरतं. बाकी आनंदच आहे.)

रोज दिवेलागणीला, भुरी जागी झाली की, तळहात उघडा ठेवून पिंजऱ्याच्या तळाशी टेकवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच तुम्ही नेमून दिलंत. आधी ती हात हुंगायची नि पळायची. मग बोटं दातांनी हलकेच चाचपू लागली. पुढे ओटचा एक दाणा तळहातावर बसून, दोन्ही पंजांत धरून खाऊ लागली. आईला काजू द्यायचा फार मोह व्हायचा. एवढं तेलकट तिच्या पोटाला सोसत नाही, हे तुम्ही सांगितलंत म्हणून आईने ऐकलं, माझं ऐकलं नसतं. हनुवटीखाली खाजवू दिलं, त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, बरं, आता घाई करू नको.

उचलायचं ते जमिनीवर बसूनच, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच पोटाशी घ्यायचं. बरगड्या आवळायच्या नाहीत. तिने उडी मारली तरी फार उंचावरून पडता कामा नये. हे तर आता आमच्या घरात पाहुण्यांनासुद्धा पाठ आहे.

पण तुमची खरी करामत धुळीच्या डब्याची. चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाही, बारीक धुळीत लोळते. शेजारच्यांनी किनाऱ्यावरची वाळू सुचवली होती. ती भरड, खारट आणि ओलसर, काही कामाची नाही. धूळ कुरिअरने मागवतो आणि पावसाळ्यात गोळे होऊ नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो. मोकळी सोडलेली भुरी परत पिंजऱ्यात कशी न्यायची, हा रोजचा तमाशा होता. खोलीभर पाठलाग, कपाटामागे लपणं, सगळ्यांची चिडचिड. तुम्ही म्हणालात, पाठी धावायचंच नाही, डबा पुढे ठेवायचा. ती आपणहून आत शिरते, लोळण घेते, आणि आम्ही डब्यासकट उचलून पिंजऱ्यात ठेवतो.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात. आईने तुमच्यासाठी आमसुलं काढून ठेवली आहेत. न्यायला याल तेव्हा दुपारी येऊ नका, बाईसाहेब झोपलेल्या असतात.

तुमची,
भुरीची मावशी