बंदूक मोडीत काढण्याआधी नंबर तरी टिपून घ्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या सहलीवरचा लेख वाचला. त्यात लंडन आय आहे, राजवाड्यासमोरचा पहारा बदलणं आहे, स्टोनहेंजही आहे. बंदुका बनवणाऱ्यांच्या पेढ्या आणि लष्करी संग्रहालयं मात्र ‘आवड असेल तर’ या तीन शब्दांत उरकली आहेत. मला बंदुकीची आवड नाही. आयुष्यात एकच बार काढला, तोही आजोबा शेजारी उभे असताना, आणि दोन दिवस खांदा धरून बसलो. पण आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं फिटर ट्रेड शिकवल्यामुळे कुठे कानस चाललेली दिसली की पाय थांबतात. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने बर्मिंगहॅमला मुलीकडे होतो. तेव्हा पाहिलं ते लिहितो आहे, आणि त्याला जोडून आपल्या जिल्ह्यासाठी एक मागणीही आहे.

बर्मिंगहॅमला बंदुकवाल्यांची आळीच होती, सावंतवाडीच्या चितारआळीसारखी. लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, बाथ स्ट्रीट या तिच्यातल्या गल्ल्या. अख्खी बंदूक एका छपराखाली सहसा होत नसे. नळीवाला वेगळा, चाप-घोड्याचं काम करणारा वेगळा, दस्त्याचा सुतार वेगळा, नक्षीवाला वेगळा. अर्धवट माल घेऊन पोरं या घरातून त्या घरात धावायची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला ढिगांनी गेलेल्या बंदुकाही याच आळीतल्या. आज तिच्या अंगावरून रिंगरोड गेला आहे. बरीच घरं पडली, थोडे कारखाने उरले.

त्यातल्या एका छोट्या कारखान्याला जावयाने महिनाभर आधी ईमेल टाकून तासाभराची वेळ घेतली. न कळवता जाऊ नये, ही काही दर्शनाची जागा नव्हे. आत साठीचा एक कारागीर दस्ता बसवत होता. टेबलावर रॉकेलची चिमणी पेटलेली. लोखंडी भाग तो ज्योतीवर धरून काळा करायचा, अक्रोडाच्या खाचेत अलगद टेकवायचा आणि उचलायचा. जिथे काजळी उमटली तिथे लाकूड उंच. तेवढंच छिन्नीने उडवायचं, केसाच्या जाडीइतकं, आणि पुन्हा चिमणी. आम्ही पोरांना हेच प्रुशियन ब्लू नावाचा निळा रंग लावून शिकवायचो, पण ते लोखंडावर लोखंड. इथे लाकडाला अशी बैठक मिळत होती की मध्ये कागद सरकला नसता. एवढ्या वेळात तो भाग पुरता बसलासुद्धा नव्हता. माझ्या हातून पोरांना उगाच घाईने पास केलं गेलं की काय, असं वाटून गेलं.

दस्त्याला पॉलिश नसतं, तेल असतं. जवसाच्या तेलात एक मूळ भिजत घालून त्याचा लाल रंग उतरवतात आणि ते तेल आठवडे न् आठवडे तळहाताने जिरवतात. बरणी पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, ही तर रतनजोत!” घरी खोबरेल तेलात घालतात तीच. कारागिराला ते सांगितलं तर तो म्हाताऱ्यासारखा खुदखुदला आणि तुमच्या बायकांचे केस नक्कीच अक्रोडाच्या रंगाचे असतील म्हणाला.

लंडनला मेफेअरमध्ये साउथ ऑडली स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पर्डी या बंदुकवाल्यांची पेढी आहे, १८१४ सालची. तिथे कपडेही विकायला असतात, त्यामुळे दार ढकलायला संकोच नको. मात्र भाव विचारताना भिंतीला टेकून उभं राहा. नवी दुनळी एक लाख पौंडांच्या पुढे, म्हणजे आपल्या कोटीच्या वर, आणि हातात पडायला वर्षं लागतात. गिऱ्हाइकाच्या हाताची, मानेची, डोळ्याची मापं आधी घेतात. त्यासाठी एक खास बंदूक असते, तिचा दस्ता स्क्रूने वरखाली, डावाउजवा होतो. शिंपी कच्ची शिलाई घालून अंगावर चढवतो, तसंच. व्हॉक्सहॉलला रिग्बी या दुसऱ्या बंदुकवाल्यांच्या कारखान्यात जिम कॉर्बेटची रायफल आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये मिळालेली ती हीच, आणि दस्त्यावर तसं कोरलेली चांदीची पट्टीही आहे. तिथली वेळ आम्हाला मिळाली नाही.

मला खरं धरून ठेवलं ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने, म्हणजे बंदुकीची नळी पारखणाऱ्या संस्थेने. बॅनबरी स्ट्रीटवर, रेल्वेमार्गाला लागून एक लाल विटांची बैठी वास्तू. दारावर ढाली-भाले-नगाऱ्यांचं रंगीत शिल्प, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापना झाल्याचा लेख. हा कायदा बंदुकवाल्यांनी स्वतः मागून घेतला आणि खर्चही त्यांनीच केला, कारण कच्ची नळी फुटून गिऱ्हाइकाची बोटं गेली की नाव सगळ्या आळीचं जायचं. काम अजून चालू आहे. नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराची दारू भरून बार काढायचा. फुगली, चिरली की बाद. टिकली की शिक्का. असा शिक्का नसलेली बंदूक ब्रिटनमध्ये विकणं गुन्हा आहे. संग्रहालय छोटं आहे आणि आधी ठरवून गटानेच पाहता येतं. जावयाच्या ओळखीचा एक गट जात होता, त्यात आम्ही घुसलो.

तिथे तक्त्यावर शिक्क्यांची चित्रं लावली होती. वर मुकुट, खाली बी.पी.; वर मुकुट, खाली एन.पी. पाहिल्याबरोबर मी जागच्या जागी थांबलो. हे मुकुट मी लहानपणी बोटाने चाचपले होते. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोरची दुनळी होती. वाडीत बाकी सगळ्यांकडे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, त्यामुळे रानडुकरं भातात उतरली की हाक आम्हाला यायची. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची, आणि परत आली की आजोबा ती मधून वाकवून उघडायचे आणि नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहायचे. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ असं कोरलेलं होतं. आम्हाला वाटायचं, लष्करातून आलेली बंदूक. माहिती सांगणाऱ्या बाईंनी हसून दुरुस्ती केली. ते दुकानाचं नाव. त्याची मुंबईतली शाखा काळा घोड्याजवळ होती, ती इमारत आजही त्याच नावाने उभी आहे. दुकान बर्मिंगहॅमकडून माल करून घेऊन आपलं नाव घालायचं. आणि त्याच्या बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात आहेत. “नंबर सांगा, कधी विकली ते कळू शकेल,” असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे नंबर नव्हता.

आजोबा गेल्यावर परवाना कोणाच्या नावावर चढला नाही. वडिलांनी बंदूक ठाण्यात नेऊन दिली, पोचपावती घेतली, विषय संपला. पुढे कधीतरी चौकशी केली तेव्हा जुना माल नष्ट केल्याचं सांगण्यात आलं. कायद्याप्रमाणेच झालं असेल, माझी तक्रार नाही. पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशा किती बंदुका जमा होतात याचा विचार करा. तरुण पिढी मुंबईत, परवाना कोणाला हवाय? ठासणीच्या गावठी बंदुका तर आपल्याच लोहारांच्या हातच्या. त्यांच्यावर शिक्का नाही, त्यांची वही नाही. त्या गेल्या की पुरत्या गेल्या.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वाघनखं बघितलीत का?” ती तर जुलै २०२४ मध्येच साताऱ्याला आली होती. ज्या लंडनच्या संग्रहालयाने ती पाठवली, तेच म्हणतं की प्रतापगडावर वापरलेली ती हीच, याचा पुरावा नाही. त्यावरून आपल्याकडे किती रान पेटलं ते आपल्याच अंकात वाचलं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये (प्रवेश फुकट, आणि शस्त्रांनी मढवलेल्या मनोऱ्यातून पायऱ्या चढा) हत्तीचं चिलखत आहे, मोगल काळातलं. ११८ किलो, ५,८४० पत्रे. मद्रासच्या गव्हर्नरची बायको लेडी क्लाइव्ह हिने ते १८०१ मध्ये नेलं. काही भाग हरवले आहेत, तेही सांगतात. कोणी, कधी, किती, सगळं लिहिलेलं. वस्तू त्यांनी नेल्या याचा राग येतोच, मलाही त्या हत्तीसमोर आला. पण वही ठेवायचं काम आपल्याला कोणी बंदी घातलेलं नाही. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आहे, म्हणजे जमत नाही असंही नाही.

तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाला आपल्या पत्रातून विनंती अशी. जमा झालेली जुनी बंदूक मोडीत काढण्याआधी तिचा नंबर, शिक्के आणि नळीवरची अक्षरं एका वहीत उतरवावी, दोन फोटो काढावेत, आणि गाव लिहावं. गावठी ठासणीची असेल तर लोहाराचं नाव घरच्यांना विचारावं, अजून सांगणारे जिवंत आहेत. निवडक चार-सहा कायमच्या निकामी करून जिल्ह्यात कुठेतरी लोकांना पाहायला ठेवाव्यात. ब्रिटनमध्ये अशी निकामी केलेली बंदूक तपासून प्रमाणपत्र देण्याचं कामही अशी प्रूफ हाउसच करतात. आपल्याकडे पोलीस खात्याचे शस्त्र-कारागीर आहेत, त्यांच्या हाताला हे अवघड नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडच्या एका संग्रहालयाच्या दुकानातून मी रिकाम्या काडतुसाची किल्लीसाखळी घेतली, थ्री नॉट थ्रीची, पुतण्या पोलिसात आहे म्हणून. परतीच्या प्रवासात विमानतळावर ती पिशवीतून निघाली आणि चाळीस मिनिटं मी बाकावर. काडतूस रिकामं असलं तरी सामानात घालू नका. आठवण म्हणून घ्यायचाच तर चहाचा मग घ्या.

नंबराचं सांगायचं राहिलं. चुलतभावाला माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या परवान्याचं पुस्तक सापडलं. नंबर पाच आकडी आहे, शेवटचा आकडा कसरीने खाल्लाय. शून्य ते नऊ धरून दहाही नंबर लिहून ग्लासगोला पाठवले आहेत.

आपला,
एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)