सर्व्हे मीटरच्या तपासणीबाबत

सभासदहो, पावसाळा सरतोय. कपाटातले सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायची यंत्रं, बाहेर काढा. आधी सेलचा कप्पा बघा. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरा थर धरला असेल तर साफ करा, सेल बदला. जीएम (गायगर-म्यूलर) ट्यूबच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या नळीच्या, अभ्रकाच्या खिडकीला बोटसुद्धा लावू नका. ती फुटली की ट्यूबच बाद. मग सीझियम-१३७ च्या चेक सोर्सवर (मीटर तपासायच्या छोट्या किरणोत्सारी नमुन्यावर), दरवेळच्याच अंतरावरून रीडिंग घेऊन वहीत लिहा. सोर्स दूर ठेवूनही काटा शून्यावरच चिकटलेला दिसला तर खूश होऊ नका: नैसर्गिक किरणोत्सार सगळीकडे असतोच, म्हणजे बिघाड मीटरमध्येच. हाय व्होल्टेजच्या भागाला घरी हात घालू नये, स्विच बंद असला तरी. कॅलिब्रेशनची (रीडिंग प्रमाणाशी ताडून बघण्याची) मुदत संपलेला मीटर साइटवर नेऊ नका, दुरुस्तीसाठी वेगळा काढा.