तू ‘हो’ दाबलं नाहीस

चि. दादास अनेक आशीर्वाद,

नाव लिहिलं तर तू संकोचशील, म्हणून लिहीत नाही. दौलतगंजातल्या त्या बोळात, चार हात रुंदीच्या दुकानात बसणारा मुलगा कोण, हे ओळखणारे ओळखतीलच. पहिल्याच दिवशी म्हणालास, “काकू, मला अहो-जाहो नका करू,” म्हणून पत्रातही अरे-तुरेच.

आमच्या बाबांचा जीव त्या काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये अडकलेला, हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं. मोबाइल त्यांना नको. बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे, बस्स. आत होत्या त्यांच्या गुरुजींच्या घरगुती बैठका, तालमी, आणि बाबांचा स्वतःचा रियाझ. दीडशेच्या आसपास कॅसेटी भाच्याने संगणकावर उतरवल्या होत्या, साधारण 13 जीबी. हे कुठल्याही दुकानात मिळणारं गाणं नव्हे. आणि भाच्याचा तो संगणक केव्हाच भंगारात गेला.

मग मी शहाणपणा केला. बाड्यावरच्या बाजारात 128 जीबीचं मेमरी कार्ड साडेतीनशेत मिळालं. जुन्या 16 च्या कार्डावरचं सगळं लॅपटॉपवरून त्यात टाकलं, यादीत नावं दिसली, आणि जुनं कार्ड ‘साफ’ करून डबीत ठेवलं. नवं कार्ड प्लेअरमध्ये घातलं तर ‘कार्ड एरर’, आणि खाली प्रश्न: फॉरमॅट करायचं? हो / नाही.

माझं बोट ‘हो’वरच होतं. बाबा म्हणाले, आधी कोणाला तरी दाखव.

तू कार्ड काढलंस, रुमालाने पुसलंस, परत घातलंस. तेच. मग मला शांतपणे समजावलंस, की 32 जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, ती माहिती मांडायच्या फॅट32 पद्धतीची. 64 पासून पुढची एसडीएक्ससी, ती एक्सफॅटमध्ये येतात, आणि एवढ्या जुन्या प्लेअरला ती लिपीच वाचता येत नाही. कार्ड खराब असेलच असं नाही. दुसरा कोणी असता तर तिथेच ‘हो’ दाबून, कार्ड पुसून मोकळा झाला असता. तू म्हणालास, “आधी यातलं काढून घेऊ, मग बघू.”

काढून घेताना कळलं. पहिल्या फाइली वाजल्या, पण अर्ध्यानंतर सगळ्या मुक्या. नाव आहे, आकार आहे, आवाज नाही. तू भुवया उंचावल्यास. सगळं उतरून झाल्यावरच एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम लावलास, कारण तो कार्ड आपल्या चाचणीच्या माहितीने भरून टाकतो. तासाभराहून जास्त वेळ गेला. निकाल: कार्ड जेमतेम 8 जीबीचं. आतल्या चिपला 128 सांगायला शिकवलेलं! यादी सुरुवातीलाच लिहिली जाते म्हणून नावं दिसत राहतात, आणि 8 नंतरचं गाणं कुठेच लिहिलं जात नाही. साडेतीनशेत 128 मिळतंय म्हटल्यावर मलाच शंका यायला हवी होती, पण घासाघीस करून स्वस्त मिळाल्याचा आनंद मोठा होता, काय सांगू.

मी रडायच्या बेतात होते. तू एवढंच विचारलंस, “जुन्या कार्डावर नंतर काही टाकलंत?” नाही. “मग डबी घेऊन या. आणि ते कशातही घालू नका.”

क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, मजकूर जागच्या जागी असतो, हे तेव्हा कळलं. पुसलेल्या फाइली शोधून काढणारा फोटोरेक प्रोग्रॅम रात्रभर चालवलास. सकाळी फोन आला: “काकू, आलं.” फक्त नावं गेली होती. एफ आणि पुढे सात-आठ आकडे, अशा शेकडो फाइली.

त्या तू कसलंही नाव न देता तशाच 32 च्या खऱ्या कार्डावर, फॅट32 करून, टाकल्यास. नावं बाबा देताहेत. रोज सकाळी वही घेऊन बसतात. परवा एक लावली, दोन स्वरांत राग ओळखून म्हणाले, “हमीर. गुरुजींना सर्दी झाली होती त्या दिवशी.” एकीत मागे कुकरची शिट्टी आहे. ती ऐकून बाबांनी प्लेअर थांबवला, परत मागे नेला, परत शिट्टी ऐकली. वहीत लिहिलं: ‘कामोद, आपल्या घरी.’ आई जाऊन नऊ वर्षं झाली.

तू कार्डाचे पैसे आणि वर दोनशे घेतलेस, “सॉफ्टवेअर फुकटचं आहे, मजुरी तेवढी द्या” म्हणालास. त्या रात्रभराचा हिशोब दोनशेत बसत नाही, पण तुझ्याशी वाद कोण घालणार.

आता घरात दोन प्रती आहेत, एक भाच्याकडे पुण्याला. अजून चौदा फाइलींची ओळख पटलेली नाही. बाबा म्हणतात, त्या मुलाला रविवारी बोलाव, त्याचे कान तरुण आहेत. तिळाचा गजक आणून ठेवलाय. आणि ते नकली कार्ड तू काउंटरवर चिकटवून ठेवलंयस ना, गिऱ्हाइकांना दाखवायला? राहू दे तिथेच, फक्त माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
काकू
लश्कर, ग्वाल्हेर