निसर्गछायाचित्रकारांच्या पिशवीत शिट्टी आणि विजेरीलाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत वाट चुकलेल्या पर्यटकांच्या बातम्या सर्वच वृत्तपत्रांत येऊ लागतात आणि त्यांच्या जोडीला ‘मळलेली वाट सोडू नका’ असे आवाहनही छापले जाते. ते योग्यच आहे. मात्र डोंगरात जाणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा आहे की, वाट सोडल्याशिवाय त्याचे कामच होत नाही. फुले, बेडूक, पक्षी, काजवे यांची छायाचित्रे काढणाऱ्यांचा हा वर्ग, चांगले कॅमेरे आवाक्यात आल्यापासून, झपाट्याने वाढला आहे. मी स्वतः अनेक वर्षे याच छंदात आहे आणि माझ्या बरोबरीच्या मंडळींच्या पाठीवरच्या पिशव्यांत काय असते व काय नसते, हे जवळून पाहत आलो आहे. त्याविषयी काही लिहावेसे वाटते.

गडावर जाणाऱ्या माणसाला एक ठिकाण गाठायचे असते, त्यामुळे आपण कुठून आलो आणि कुठे चाललो आहोत याचे भान त्याला सहसा राहते. छायाचित्रकाराला असे ठिकाण नसते. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू दिसले की तो मान वर करून त्याच्या मागे या झाडाखालून त्या झाडाखाली सरकत राहतो, आणि अर्ध्या तासाने कॅमेरा खाली घेतो तेव्हा पायवाट नेमकी कोणत्या बाजूला राहिली हे त्याला सांगता येत नाही. कारवीच्या पुरुषभर उंच झुडपांत शिरल्यावर तर दहा पावलांवरचेही दिसत नाही. जमिनीलगतच्या इवल्याशा फुलांचे फोटो काढणाऱ्याची गत याहून निराळी नाही. तो गुडघ्यांवर बसून एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडे जातो, प्रत्येक वेळी त्याचे तोंड वेगळ्या दिशेला असते आणि तेवढ्यात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, धुके उतरले की सगळ्या बाजू सारख्याच दिसू लागतात. त्यात गुरांच्या वाटांची भर पडते. या वाटा पायवाटेसारख्याच ठसठशीत असतात, पण चरणीच्या जागी जाऊन विरून जातात.

वेळेचेही तसेच आहे. इतर पर्यटक ज्या वेळी परतीला लागतात, नेमकी तीच वेळ छायाचित्रकाराला सर्वांत मोलाची वाटते, कारण मावळतीचा तिरपा प्रकाश तेव्हाच मिळतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यानंतरचा कामापुरता उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो, आणि आभाळ भरलेले असेल किंवा आपण दाट झाडीत असू तर तेवढाही मिळत नाही. म्हणजे सूर्यास्ताचा फोटो काढून निघालेला माणूस परतीची बहुतेक वाट अंधारात चालणार हे ठरलेलेच असते. असे असूनही त्याच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या सापडतात आणि विजेरी सापडत नाही.

काही विषय तर रात्रीचेच आहेत. मे महिन्याच्या अखेरीपासून भंडारदरा परिसरात काजवे टिपण्यासाठी गर्दी होते, भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात उजळणारी बुरशी पाहायला लोक जातात आणि आंबोलीत भर पावसात बेडूक व चापडा हा विषारी साप यांच्या शोधात फिरणारे दरवर्षी दिसतात. काजव्यांचा फोटो काढायचा तर आजूबाजूला दिवा नको म्हणून छायाचित्रकार मुद्दाम माणसांपासून दूर जाऊन उभा राहतो. आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तसल्या पावसाच्या आवाजात पन्नास पावलांवरच्या सोबत्याला मारलेली हाक ऐकू जात नाही, आणि शिट्टीचा मात्र तीक्ष्ण सूर त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो.

इथे एका प्रचलित सल्ल्याविषयी स्पष्टपणे लिहायला हवे. वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली उतरावे, म्हणजे गाव लागते, असे अनेक जण सांगतात. सपाट मुलखात ते खरे असेल, पण घाटमाथ्यावर हा सल्ला जिवावर बेतू शकतो. सह्याद्री हा लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. प्रत्येक कठीण थर जिथे संपतो तिथे उभा कडा असतो, आणि घाटमाथ्यावरून कोकणाच्या बाजूला वाहणारा जवळजवळ प्रत्येक ओढा पुढे धबधबा होऊन अशा कड्यावरून खाली कोसळतो. ओढ्याने उतरणारा माणूस शेवाळलेल्या खडकावरून दोन टप्पे कसेबसे उतरतो, तिसऱ्या टप्प्यावर अडकतो आणि तिथून त्याला वरही चढता येत नाही. कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा डोंगराच्या ज्या उतरत्या सोंडांवरून आणि नाळांतून, म्हणजे अरुंद घळींतून, गेल्या आहेत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने निवडलेल्या आहेत; त्या वगळता खाली जाण्याचा मार्ग आपण अंधारात शोधून काढू असे कोणी समजू नये.

दुसरा मोठा गैरसमज थंडीविषयी आहे. महाराष्ट्रात थंडीने माणूस दगावेल हे आपल्याला पटतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर गेलेले काही तरुण धुक्यात वाट चुकले, त्यांना पावसात भिजत रात्र काढावी लागली आणि त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. तिथे बर्फ पडत नाही, आणि बर्फाची गरजही नसते. अंगावरचे कपडे ओले असले, वारा सुटलेला असला आणि पोटात अन्न नसले की पंधरा-सोळा अंश तापमानातही शरीराची ऊब हळूहळू निघून जाते. शरीराच्या आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेले की कापरे भरते, बोलणे अडखळू लागते आणि विचार मंदावतो. सुती कपडे व जीन्स पाणी धरून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात ते सर्वांत वाईट. छायाचित्रकार तर तासन्‌तास एका जागी बसून राहतो, त्यामुळे चालणाऱ्याच्या अंगात निर्माण होणारी उष्णताही त्याच्या वाट्याला येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, कानटोपी आणि कपाटात घडी घालून ठेवलेली साधी पावसाळी पँट यांची किंमत अशा रात्री कळते.

वजनाची सबब मला नेहमी ऐकू येते. पक्ष्यांसाठी वापरली जाणारी मोठी लेन्स दोन किलोच्या आसपास भरते आणि चांगला ट्रायपॉडही त्याच घरात जातो; म्हणजे कॅमेऱ्यासह चार-पाच किलो आपण आनंदाने उचलतो. त्याच्यापुढे मला आवश्यक वाटणारे सामान पाणी सोडले तर दीड किलोच्या आत बसते. डोक्याला बांधायची विजेरी व तिच्या जादा बॅटऱ्या, शिट्टी, ऊब टिकवण्यासाठी अंगाभोवती गुंडाळायची चकाकत्या पातळ प्लॅस्टिकची चादर, पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा पोंचो, मोबाइलसाठी पॉवर बँक, क्रेप बँडेज, जलसंजीवनीच्या पुड्या, नेहमीची औषधे, होकायंत्र आणि पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी. खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की इतके दुसरे काही सोयीचे नाही. ती चकाकती चादर औषधांच्या दुकानात वा गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानात मिळते, ती मुठीत मावते आणि तिचे वजन नगण्य असते, तरीही मी ती फार थोड्या पिशव्यांत पाहिली आहे. शिट्टी पिशवीच्या तळाशी न ठेवता गळ्यात किंवा खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली असावी, कारण पडून पाय मोडलेल्या माणसाचा हात पिशवीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

परदेशी यादीतून घेतलेला विस्तव पेटवण्याचा सरंजाम, मोठा सुरा, मासेमारीचा गळ असल्या वस्तू आपल्याकडे निरुपयोगी आहेत. पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही, उन्हाळ्यात पेटवलेल्या जाळाने वणवा लागतो, आणि कड्याखाली धूर केला तर वरच्या आग्या मधमाश्या उठतात. पाण्याचे मात्र उन्हाळ्यात अत्यंत महत्त्व आहे. काजव्यांच्या हंगामापर्यंत डोंगरातले बरेच झरे आटलेले असतात, तेव्हा माणशी तीन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन निघूच नये.

मोबाइलवर आपला सर्वांत जास्त भरवसा असतो, पण त्याचा नीट उपयोग करणारे कमी आहेत. नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते, कारण त्याचा संकेत उपग्रहाकडून येतो. घरून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला आणि वाट सोडण्याच्या जागी खूण नोंदवून ठेवली, तर धुक्यातही परतीची दिशा सापडते. नेटवर्क नसलेल्या भागात फोन सतत संकेत शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून तो ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. संकेत क्षीण असेल आणि बोलणे होत नसेल, तर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेला साधा संदेश बऱ्याचदा निघून जातो.

छायाचित्रकाराजवळ आणखी एक साधन असते आणि ते म्हणजे त्याचा स्वतःचा कॅमेरा. जिथे वाट सोडली, जिथे दोन वाटा फुटल्या, तिथे उभे राहून मागे वळून एक फोटो काढण्याची सवय लावून घ्यावी, कारण परतताना डोंगर जाताना दिसला तसा दिसत नाही. वाट चुकल्याची शंका आली की कॅमेऱ्यातली त्या दिवसाची छायाचित्रे वेळेच्या क्रमाने मागे मागे पाहत जावे. मागचे झाड, खडकाचा आकार, उन्हाची बाजू यांवरून आपण कुठे वळलो ते बऱ्याचदा ध्यानात येते. रात्री शोधपथकाचे दिवे लांब दिसत असतील तर फ्लॅशचा झोत त्यांच्या दिशेने मारता येतो. शिट्टी ओळीने तीन वेळा वाजवावी, मिनिटभर थांबून ऐकावे आणि पुन्हा तीन वेळा वाजवावी.

आणि चुकलो हे ध्यानात आल्यावर थांबावे. उजेड उरलेला असेल आणि आल्या वाटेच्या खुणा स्पष्ट दिसत असतील, तरच मागे फिरावे. एरवी आडोसा पाहून, कोरडे कपडे घालून, पाठीवरच्या पिशवीवर बसून सकाळची वाट पाहावी. शोध घेणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास सतत जागा बदलणाऱ्या माणसाचा होतो. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या परिसरात एक तरुण पर्यटक वाट चुकला. पोलीस, आपत्ती दलाचे जवान आणि स्वयंसेवक यांनी दिवसचे दिवस जंगल पिंजून काढले आणि अखेर त्याचा मृतदेह मिळाला. या बचावकार्यात उतरणारी लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची मुले कसलाही मोबदला न घेता रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. आपण कुठे जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवले, तर त्यांचा शोध निदान योग्य दरीतून सुरू होतो. गावातला वाटाड्या सोबत घेणे हा तर सर्वांत चांगला उपाय आहे. त्याला वाट माहीत असतेच, शिवाय कोणत्या झाडावर शेकरूचे घरटे आहे आणि कोणत्या डबक्याशी बेडूक जमतात हेही त्यालाच ठाऊक असते. त्याला दिली जाणारी रक्कम आपण लेन्सच्या एका फिल्टरवर करतो त्या खर्चाहून अधिक नसते.

व्यक्तिगत सावधगिरीखेरीज काही गोष्टी संस्थांनी करायला हव्यात. निसर्गछायाचित्रणाच्या कार्यशाळा आणि सहली घेणारे आयोजक सहभागी होणाऱ्यांना कोणती लेन्स आणावी याची सविस्तर यादी पाठवतात. त्या यादीत विजेरी, शिट्टी, चादर व पाणी यांचा समावेश अनिवार्य करावा आणि निघण्यापूर्वी पिशव्या उघडून पाहाव्यात. ज्याच्याजवळ हे सामान नाही त्याला गाडीतून उतरू देऊ नये, इतका कडकपणा मला आवश्यक वाटतो. रात्रीच्या चालीत दर पाच-सहा जणांमागे वाटेची माहिती असलेला एक माणूस असावा. वनविभाग आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्या अनेक ठिकाणी प्रवेशशुल्क घेतात. त्या नाक्यांवर आत गेलेल्यांची व परतलेल्यांची वेळ नोंदवली जावी आणि ठरलेल्या वेळेनंतर न आलेल्यांची चौकशी त्याच रात्री सुरू व्हावी. छायाचित्र-स्पर्धा भरवणाऱ्यांनीही कड्याच्या टोकावरून वा एकट्याने रात्री काढलेल्या चित्रांना धाडसाचे जादा गुण देणे बंद करावे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. आपण दर आठवड्याला वाचकांनी पाठवलेली निसर्गाची सुंदर छायाचित्रे छापता. जून ते ऑक्टोबर या काळात त्याच चौकटीत जवळच्या बचाव-संस्थेचा दूरध्वनी क्रमांक आणि वर सांगितलेल्या सामानाची दोन ओळींची यादी छापली, तर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या नजरेस नक्की पडेल.

आपला,
एक निसर्गछायाचित्रकार, सातारा