ताई, ६१ चं गणित सुटलं

आदरणीय ताई,

प्रबंध एकदाचा जमा केला. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, सगळ्यांचे आभार पहिल्या पानावर रीतसर छापलेत. तुमचं नाव तिथं नाही, कारण तुम्हीच "माझं कशाला गं?" म्हणून नको म्हणालात. नाव मी इथंही घेत नाही. पण गप्प बसणं काही जमेना.

विषय होता पेलचं समीकरण, म्हणजे क्ष² − नय² = १ याची पूर्णांकांतली उत्तरं शोधायची. आपल्याकडून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, आणि तिथून जवळच पाटण. भास्कराचार्यांचं नाव त्या गावाशी जोडलेलं. त्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे तीच कृती फिरून फिरून करत, क्ष² − ६१य² = १ सोडवून ठेवलं. पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं युरोपातल्या गणितज्ञांपुढं हेच ६१ कोडं म्हणून टाकलं. सगळ्यांत लहान उत्तर आहे क्ष = १७६६३१९०४९ आणि य = २२६१५३९८०. हा विषय मराठवाड्यातल्या पोरीनं घ्यायचा नाही तर कुणी?

विकतचं सॉफ्टवेअर आमच्या कॉलेजला झेपणारं नव्हतं, म्हणून पारी/जीपी हे गणिताचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. त्याला ६१ चं मूलभूत एकक विचारलं, म्हणजे जिच्या घातांतून सगळी उत्तरं निघतात ती संख्या, तर उत्तर आलं १७ + ५डब्ल्यू. मी बसले दहा आकडी संख्येची वाट बघत!

मग विचारत फिरले. एका सरांनी "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून वही मिटली. पुण्याच्या एका क्लासवाल्यांनी आधी फी घेतली, मग "फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं" हे ज्ञान दिलं. आणखी एक विद्वान निघाले, ते नुसतेच हसले. एमएस्सीला येऊन एवढंही येत नाही, हे त्या हसण्यात सगळं आलं. यांच्यातल्या एकानंही ती ओळ स्वतः चालवून बघितली नव्हती, हे आता कळतंय.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "काय करायलीस तू नेमकं? आलेलं उत्तर जसंच्या तसं पाठव." पाठवलं. तुम्ही म्हणालात, मशीन बरोबर आहे. ६१ ला ४ नं भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून तिथं डब्ल्यू म्हणजे नुसतं √६१ नाही, (१ + √६१)/२. म्हणजे तुझ्या हातात आहे (३९ + ५√६१)/२. याचा सहावा घात कर, भास्कराचार्य भेटतील.

इथं थांबला असतात तरी माझं काम झालं असतं. पण रात्री फोटो आला. लाइटबिलाच्या पाठीवर, निळ्या पेनानं, तुम्ही तो घात हातानं केला होता. वर्ग, मग घन: २९७१८ + ३८०५√६१. त्याखाली "याचा नॉर्म −१, म्हणून अजून एकदा वर्ग" (नॉर्म म्हणजे २९७१८² − ६१ × ३८०५², आपल्याला तो +१ हवा), आणि शेवटी ती दहा आकडी संख्या, तिच्याखाली दोन रेघा. मधल्या एका ओळीत ५९४५७ लिहून खोडलेलं, वर ५९४७५. कोपऱ्यात मिटरचं रीडिंग उलटं उमटलेलं.

ती खाडाखोड मी किती वेळ बघत बसले! स्वच्छ करून पाठवायला तुम्हाला काय लागलं असतं, एक कोरा कागद. पण चुकलेला आकडा तुम्ही तसाच राहू दिलात. मला आजवर शिकवणाऱ्यांनी फळ्यावर नेहमी तयार उत्तरच मांडलं, आणि आपल्यालाच येत नाही असं वाटत राहिलं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की जाणती माणसंही अशीच अडखळत पुढं जातात.

पुढं मोठ्या संख्याक्षेत्रांचे वर्गगट (त्या क्षेत्रात अवयव पाडणं किती बिघडतं ते सांगणारे गट) काढताना तुम्ही दटावलंत तेही बरं झालं. पारीतल्या बीएनएफइनिट या आज्ञेचं उत्तर सामान्यीकृत रीमान गृहीतक, जे अजून सिद्ध झालेलं नाही, ते धरून येतं; ते पडताळणारी बीएनएफसर्टिफाय ही आज्ञा चालवल्याशिवाय "सिद्ध झाले" लिहायचं नाही. मला त्या सॉफ्टवेअरचं फार कौतुक वाटलं. आपण काय धरून चाललोय ते माहितीपुस्तिकेत सरळ लिहून ठेवतं. आमच्या स्टाफरूममध्ये एवढा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. बोर्डोच्या विद्यापीठात आन्री कोहेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते १९८० च्या दशकात सुरू केलं, आणि आज इथल्या जुनाट कॉम्प्युटरवरही ते बिनतक्रार चालतं. ना ते मला ओळखतात, ना तुमची-माझी काही सोयरीक. तरी माणसं अशी कामं करून ठेवतात, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

फर्माचं दुसरं कोडं होतं १०९ चं. तिथं ११८ + २५डब्ल्यू येतं, डब्ल्यू म्हणजे आता (१ + √१०९)/२. त्याचा सहावा घात मी परवा हातानं केला: क्ष = १५८०७०६७१९८६२४९. फोटो पाठवलाय, खाडाखोडीसकट. तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आई म्हणते, हुरडा सुरू झाला की ताईंना घेऊन ये. कारणं सांगू नका.

तुमची,
६१ वाली