सहा आठवड्यांचे सहा दिवस : कौशल्य प्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
कौशल्य प्रशिक्षण खाते

विषय : आंतरराष्ट्रीय कोळसा व्यापार, करार व वाहतूक या प्रशिक्षणाबाबतची माझी तक्रार निकाली काढल्याबद्दल

महोदय,

गेल्या सोमवारी आपल्या खात्याचे पत्र आले. अडीच ओळी. 'सदर प्रशिक्षण विहित निकषांनुसार पार पडले असून प्रशिक्षणार्थींचे अभिप्राय समाधानकारक आहेत. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' माझी तक्रार सात पानांची होती. सोबत कराराची कलमे, जहाजाच्या वेळांची नोंद आणि वर्गातल्या दोन स्लाइडची छायाचित्रे जोडली होती. त्यांतले एक तरी पान कोणी उलटले असेल, असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. अभिप्रायांचे म्हणाल, तर ते आमच्याकडून पहिल्या दिवशी सकाळीच, हजेरीच्या कागदाबरोबर सही करून घेतले होते. तेव्हा शिकवायला सुरुवातही झालेली नव्हती.

म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर लिहीत आहे.

कोळसा आयात करणाऱ्या एका कंपनीत मी बारा वर्षे कागदपत्रे सांभाळली. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), माल तपासणाऱ्या सर्व्हेअरचे दाखले, बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट (कागद जुळले तर पैसे देण्याची हमी), यांतली अक्षर न् अक्षर जुळते की नाही ते पाहायचे, हे माझे काम. आपण व्यासपीठावरून या प्रशिक्षणाची घोषणा केलीत तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. चार आठवडे वर्ग, दोन आठवडे बंदरावर प्रत्यक्ष काम आणि शिकवायला व्यापारात मुरलेली माणसे, असे आपले शब्द होते. मी बिनपगारी रजा घेतली. फी माझ्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी होती, त्यासाठी पत्नीने तिची मुदत ठेव मोडली. "आता तरी तुम्हाला करारांच्या टेबलावर बसवतील," एवढेच ती म्हणाली.

सहा आठवड्यांचे सहा दिवस झाले. बंदराची भेट 'अपरिहार्य कारणास्तव' रद्द झाली. ती कारणे आजतागायत कोणी सांगितलेली नाहीत. शिकवायला आलेले गृहस्थ सज्जन होते, त्यांच्यावर माझा राग नाही. आपण कधी जहाजावर पाय ठेवलेला नाही, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितले. त्यांना स्लाइड दिल्या होत्या, त्या ते वाचून दाखवत. एका स्लाइडवर लिहिले होते की एफओबी सौद्यात (विकणारा माल जहाजावर चढवून देतो, जहाज खरेदीदाराचे) माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की जोखीम खरेदीदाराची होते. कठड्याची ही भाषा इन्कोटर्म्सच्या, म्हणजे अशा सौद्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, २०१० च्या आवृत्तीतच काढून टाकली आहे. त्यानंतर २०२० ची आवृत्ती आली आणि तीही जुनी होत चालली. दुसरी स्लाइड तर सरळ चुकीची होती : सीआयएफ म्हणजे माल आपल्या बंदरात पोचेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. तसे मुळीच नाही. विकणारा भाडे आणि विमा भरतो, जोखीम मात्र माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की आपल्याकडे येते. मी हात वर करून हे बोललो. उत्तर मिळाले, "परीक्षेत स्लाइडवरचेच लिहा."

मी स्लाइडवरचेच लिहिले. पास झालो. प्रमाणपत्रावर आपली छापील सही आहे.

परत गेल्यावर कंपनीने मला खरोखरच करारांच्या टेबलावर बसवले. प्रमाणपत्र पाहून बसवले, हे कृपया लक्षात घ्या. चौथ्याच महिन्यात ७५,००० टन कोळशाचे एक जहाज आले. सौदा सीएफआर होता, म्हणजे जहाज विकणाऱ्याने ठरवलेले, पण उतरवण्याच्या बंदरात उशीर झाला तर डेमरेज, म्हणजे जहाज अडवून ठेवल्याची भरपाई, आमच्या माथी. उतरवण्याचा दर दिवसाला १५,००० टन, म्हणजे पाच दिवसांची मुदत. ती उलटली की दिवसाला १८,००० डॉलर. जहाजाने तीन तारखेला सकाळी सहा वाजता बंदराबाहेर नांगर टाकला आणि तिथूनच माल उतरवायला तयार असल्याची नोटीस दिली. धक्का रिकामा नव्हता. जहाज अकरा दिवस बाहेर उभे राहिले, चौदा तारखेला सकाळी सहाला धक्क्याला लागले आणि वीस तारखेला सकाळी सहाला रिकामे झाले.

मी हिशेब केला तो वर्गात दाखवला होता तसाच. मुदत धक्क्याला लागल्यापासून मोजायची. सहा दिवस, त्यातून एक रविवार वजा, अर्धा दिवस पाऊस वजा. साडेचार दिवस. म्हणजे आपण अर्धा दिवस वाचवला! डिस्पॅच, म्हणजे वाचवलेल्या वेळेचे बक्षीस, डेमरेजच्या निम्म्या दराने, तेव्हा ४,५०० डॉलर आपल्यालाच मिळतील, असे मी साहेबांना लेखी कळवले. त्या संध्याकाळी घरी गेलो तो ताठ मानेने.

तीन आठवड्यांनी समोरून मागणी आली ती २,०७,००० डॉलरची.

करारात एक छोटा शब्द होता : विबॉन. धक्का मिळो वा न मिळो, नोटीस वैध. नोटिशीनंतर बारा तासांनी, म्हणजे तीन तारखेला संध्याकाळी सहाला घड्याळ सुरू झाले होते. पाच दिवस आठ तारखेला संध्याकाळी संपले. तिथून वीस तारखेच्या सकाळपर्यंत, साडेअकरा दिवस, जहाज डेमरेजवर. एकदा जहाज डेमरेजवर गेले की, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर, ना रविवार वजा होतो ना पाऊस. त्यात आमच्या करारात रविवार मुळातच धरलेला होता, तो बारीक टायपातला शब्दही मला वाचता आला नाही. बंदराबाहेर जहाज डोलत उभे असताना मी रोज सकाळी निवांत चहा पीत होतो आणि तिकडे दिवसाला १८,००० डॉलर चढत होते. आजही पहाटे चारला जाग येते आणि तेच घड्याळ डोक्यात चालू होते.

मला राजीनामा द्यायला सांगितले. बारा वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आठ ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी बोलावले आणि तिन्ही ठिकाणी त्या जहाजाबद्दल विचारले. मुदत ठेवीचा विषय घरात कोणी काढत नाही. पत्नी गप्प राहते, आणि ते मला जास्त लागते.

मंत्रिमहोदय, ही चूक माझी आहे. सही माझी होती. पण सहा आठवड्यांतला एकच दिवस कोणी आमच्यापुढे खऱ्या जहाजाची वेळनोंद ठेवली असती, एखाद्या निवृत्त कप्तानाने 'काढा हिशेब' म्हटले असते आणि चुकल्यावर पेन्सिलीने खुणा केल्या असत्या, तर ही चूक मी वर्गात केली असती. तिथे चुकण्याची किंमत शून्य होती. त्यासाठीच तर पैसे भरले होते ना साहेब?

आणि हा झाला नुसत्या वेळेचा भाग. आमच्या तुकडीतल्या एकाचे कोळशाच्या प्रतीत हात पोळले. त्याने किलोमागे ५,५०० किलोकॅलरी उष्णतेचा माल म्हणून सौदा केला. तो आकडा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा होता. माल जसा हातात येतो, एकूण ओलाव्यासकट, तसा धरला तर? एकूण ओलावा ३५ टक्के, वाळवलेल्या नमुन्यात उरलेला १५ टक्के. ५,५०० ला ६५ ने गुणा, ८५ ने भागा. ४,२०६ उरतात. जवळपास १,३०० किलोकॅलरी कागदावरच राहिल्या. ही फसवणूकसुद्धा नव्हती, करारात 'एडीबी' (हवेत वाळवलेल्या नमुन्यावर) ही तीन अक्षरे स्पष्ट छापलेली होती. जीएआर (हातात आलेल्या मालाची एकूण उष्णता), एनएआर (त्याचीच निव्वळ उष्णता), एडीबी यांतला फरक हे या धंद्याचे पहिले पान. आमच्या सहा दिवसांत त्याला एक ओळ मिळाली, तीही लघुरूपे सांगण्यापुरती. तो बिचारा उतरवण्याच्या बंदरात नव्याने तपासणी करून घेऊ म्हणत होता. करारात चढवण्याच्या बंदरातला निकाल अंतिम आणि बंधनकारक धरला असेल, तर इकडे कितीही वेळा नमुना तपासा, तो कागद फाइलला लावण्यापुरता.

बँकेचेही तसेच. लेटर ऑफ क्रेडिट ज्या यूसीपी ६०० नियमांवर चालते, ते २००७ पासून लागू आहेत आणि त्यांत स्वच्छ लिहिले आहे की बँक कागद पाहते, माल पाहत नाही. हे मला बारा वर्षांच्या कामातून माहीत होते, म्हणून तिथे तरी मी वाचलो. नवीन मुलांनी काय करायचे?

इंडोनेशियाने १ जानेवारी २०२२ पासून महिनाभरासाठी कोळशाच्या निर्यातीवर बंदी घातली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आदेश निघाला आणि जहाजे तिथे उभी राहिली. आता त्या उभ्या जहाजांचे पैसे कोणाचे? हा फोर्स मेजर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे करारातून सूट, होतो का? एफओबी खरेदीदाराने जहाज पाठवलेले असेल तर त्याच्या चार्टर पार्टीत (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) तेच कलम आहे का, की विक्रीच्या करारात आहे आणि जहाजाच्या करारात नाही, म्हणजे दोन्हींच्या मध्ये सापडून चिरडला जाणार तोच? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन गेलेली जहाजे चीनच्या बंदरांबाहेर महिनोन्‌महिने अडकली, खलाशांना उतरताही येईना. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरावरच्या कोळशाचा भाव २०२० मध्ये टनाला ५० डॉलरच्या आसपास होता आणि २०२२ मध्ये ४०० च्या वर गेला. असा भाव फिरला की कोणीतरी सौदा मोडायला पळवाट शोधतोच, आणि तेव्हा एकेका कलमावर कंपन्या जगतात किंवा बुडतात. या दोन-तीन वर्षांतल्या घटनांवर महिनाभर शिकवता आले असते. आमच्या स्लाइडवर यांतले एकही साल नव्हते.

माणसे मरतात हो यात, नुसते पैसे जात नाहीत. कोळसा होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालकोठारात, आपोआप तापतो, मिथेन सोडतो, बंद होल्डमधला प्राणवायू खातो. जहाजांतून सुटा माल नेण्याची आंतरराष्ट्रीय आयएमएसबीसी संहिता २०११ पासून बंधनकारक आहे. ५५ अंशांपेक्षा जास्त तापलेला कोळसा जहाजावर घेऊ नये, असे ती सांगते. बारीक, ओला माल ठरलेल्या मर्यादेपलीकडे ओला असेल तर तो समुद्रात चिखलासारखा सरकतो आणि जहाज कलंडू शकते. चढवण्याच्या घाईत असलेल्या कारकुनाला हा ५५ चा आकडा माहीत नसेल, तर तो सर्व्हेअरला 'चालवून घ्या' म्हणतो. मी म्हणालो असतो. मला तो आकडा नोकरी गेल्यावर, घरी बसून वाचताना कळला.

आता तुमच्या 'विहित निकषां'बद्दल. ते मी मागवून पाहिले. हॉल किती चौरस फुटांचा हवा हे आहे. प्रोजेक्टर, खुर्च्या, हजेरीचे यंत्र, सगळे आहे. शिकवणाऱ्याला पदव्युत्तर पदवी हवी. तीस वर्षे पट्ट्यावरून नमुने काढणारा सर्व्हेअर, शंभर जहाजांचा लेटाइम (माल चढवण्या-उतरवण्याच्या मुदतीचा हिशेब) हाताने काढलेला एजंट, निवृत्त कप्तान, हे तुमच्या निकषात बसत नाहीत. बसतो तो ज्याने कोळसा चित्रात पाहिला आहे. काम कोणाला द्यायचे ते माणशी कमीत कमी दरावर ठरते. कमी दरात बंदराची भेट कशी बसेल? ती 'अपरिहार्य' कारणे निविदा उघडली त्याच दिवशी ठरलेली होती.

तुमच्या अहवालात मी 'प्रशिक्षित' या रकान्यातला एक आकडा आहे. आमच्या तुकडीतले चाळीसेक जण तिथेच आहेत. आम्ही नंतर काम करू शकलो का, हे पाहणारा रकाना त्या तक्त्यात नाही, मी शोधला. हे एकट्या तुमच्या खात्याचे नाही. जिथे प्रमाणपत्रे मोजून यश ठरते तिथे प्रमाणपत्रेच तयार होणार. पण या धंद्यात समोरच्या टेबलावर सिंगापूर, जिनिव्हा, लंडनचे लोक असतात, वर्षानुवर्षे डेस्कवर घासून तयार झालेले. वाद झाला तर लवादही बहुधा तिकडेच. त्यांच्यासमोर तुम्ही आम्हाला सहा दिवसांत पाठवता आणि वर सांगता की आम्ही समाधानी आहोत.

कोणी म्हणेल, कोळशाचे दिवस भरले, आता शिकवायचे कशाला. भरतील तेव्हा भरतील. आज समुद्रावरून दरवर्षी शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा फिरतो आहे आणि त्यातला टन न् टन कोणत्या तरी करारावर फिरतो. उद्या कोळशाऐवजी दुसरे काही जहाजात भरतील, तरी नोटीस, मुदत आणि डेमरेज तेच राहणार.

मला फी परत हवी आहे, न दिलेल्या पाच आठवड्यांची तरी. पुढच्या तुकडीला बंदर दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका. त्या दोन स्लाइड आजच्या आज काढा, त्या अजून कुठेतरी वाचून दाखवल्या जात असतील.

आणि एक. या पत्राची प्रत खात्याकडे पाठवताना त्या जहाजाची वेळनोंद आणि कराराचे पान पुन्हा जोडले आहे. ज्यांनी माझी तक्रार निकाली काढली, ज्यांनी परीक्षा घेतली आणि ज्यांनी निकष लिहिले, त्या सर्वांना ते दोन कागद आणि एक कोरा कागद द्या, तासभर द्या. साडेअकरा दिवस हे उत्तर वर लिहिलेलेच आहे, ते मला नको. कोणत्या कलमावरून घड्याळ सुरू झाले आणि कोणत्या कलमावरून ते थांबले नाही, एवढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून सही करून पाठवावे. त्यांच्यापैकी एकाचे जरी बरोबर आले, तरी मी तक्रार मागे घेईन.

आपला,
आयात विभागातला एक माजी कर्मचारी